झोक्याची दिशा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छापण्यासाठी किरकोळ फेरफार केले आहेत. टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे उल्लेख मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)



या टेबलावरच्या बाटलीकडे मघापासून बऱ्याच जणांचे लक्ष जाते आहे. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तर, लोणचे आहे का, असे विचारलेसुद्धा. लोणचे नाही. तळ्याकाठचा काळा गाळ, त्यात वर्तमानपत्राचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमूटभर खडूची पूड आणि वर तळ्याचेच पाणी. झाकण घट्ट लावून तीन महिने ही बाटली माझ्या घराच्या खिडकीत होती. ही युक्ती रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांच्या नावाने ओळखली जाते. काचेला आतून चिकटलेले हे लाल-जांभळे डाग पाहा. हे जांभळे जिवाणू. ते उजेडावर जगतात, पण झाडांसारखे पाणी फोडत नाहीत, त्यामुळे ऑक्सिजनही सोडत नाहीत. गाळातला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, यांच्यातल्या अनेकांच्या कामी येतो. म्हणूनच झाकण उघडून दाखवायचा मोह मी आवरला आहे.

ज्या सरांच्या नावाने आपण दर वर्षी इथे जमतो, ते आम्हाला नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवत. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी त्यांचे विद्यार्थी असतील आणि त्यांना सरांची खोड आठवत असेल. उत्तरात नुसता आकडा लिहिला की सर विचारायचे, "किती ते कळलं. कुठल्या दिशेनं?" वेगाच्या उदाहरणात मी दिशा लिहायला विसरलो तेव्हा त्यांनी अर्धा गुण कापला होता. तो अर्धा गुण मला अजून सलतो, आणि आजचे व्याख्यान त्याच अर्ध्या गुणाबद्दल आहे. वर्णपट साध्या रीतीने मोजला तर "किती" याचे उत्तर मिळते: कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला गेला. जांभळ्या जिवाणूंच्या पोटात रंगद्रव्ये कशी मांडली आहेत ते समजायला मात्र "कुठल्या दिशेनं" हाच प्रश्न विचारावा लागला.

प्रकाश आणि दिशा यांचा संबंध काय, हे आधी बघू. हा साधा कॅल्क्युलेटर आणि हा गाडी चालवणाऱ्यांचा पोलरॉइड गॉगल. गॉगलमधून आकडे दिसतात. गॉगल तसाच फिरवत नेला की एका जागी पडदा काळा ठिक्कर पडतो. आकडे गेले नाहीत, बॅटरीही संपली नाही. पडद्यातून येणाऱ्या प्रकाशाची विद्युत कंपने एकाच रेषेत होतात आणि त्या रेषेतला प्रकाश गॉगल आता शोषून घेतो आहे. अशा एकाच रेषेत कंपणाऱ्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात.

रंगद्रव्याचा रेणू हा एक झोका समजा. अंगणातल्या कडीपाटाच्या झोक्याला एकच रेघ असते, मागे आणि पुढे. त्या रेघेत ढकला, झोका चढेल. बाजूने कितीही ढकला, कडी करकरेल आणि झोका जागेवरच राहील. रेणूतही विद्युतभार झुलण्याची अशी एक ठरलेली रेघ असते आणि प्रकाशाचे विद्युत क्षेत्र म्हणजे ढकलणारा हात. हात रेघेतच असेल तर शोषण पूर्ण, 60 अंशांनी वळला तर चौथा हिस्सा, काटकोनात असेल तर शून्य. शोषणावरून रेघ ओळखायची, एवढाच या विद्येचा गाभा. इंग्रजीतल्या लिनिअर डायक्रोइझमला आपल्याकडे रेषीय द्विवर्णता म्हणतात. नाव जड आहे, काम हलके आहे.

जांभळ्या जिवाणूंचे मुख्य रंगद्रव्य म्हणजे बॅक्टेरिओक्लोरोफिल, झाडांच्या हरितद्रव्याचे चुलत भावंड. मधोमध मॅग्नेशियमचा अणू आणि त्याच्याभोवती सपाट चकती, अशी याची रचना. या चकतीत दोन झोके आहेत, एकमेकांशी जवळपास काटकोनात. एक 590 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर नारिंगी प्रकाश घेतो. दुसरा, ताकदवान झोका, रेणू विद्रावात सुटा असताना 770 च्या आसपासचा अवरक्त प्रकाश घेतो. तोच रेणू जिवाणूच्या प्रथिनात जाऊन बसला की हा दुसरा पट्टा 800, 850, 875 असा सरकतो. रेणू तोच, बैठक बदलली की रंग बदलतो. हे अवरक्त प्रकाशाचे खाणे आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण 1883 मध्ये युट्रेक्टच्या थिओडोर एंगेलमान यांनी ते दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी या जिवाणूंवर वर्णपट पाडला. पोहणारे जिवाणू लाल रंगाच्याही पलीकडे, डोळ्याला निव्वळ अंधार दिसणाऱ्या पट्टीत गर्दी करून थांबले. स्वतःचा शोषण-वर्णपट त्यांनी स्वतःच्याच अंगाने काढून दाखवला! मला विचाराल तर जीवशास्त्रातला इतका देखणा प्रयोग क्वचितच सापडेल.

इथे थोडे विषयांतर, कारण हा प्रश्न नंतर येणारच. 2020 च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते हेच जिवाणू का? नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून तो रंग हॅलोआर्किया या खारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. त्यांच्याकडे क्लोरोफिल नसते. रंगाच्या जवळिकीवरून नाते जोडू नये.

युट्रेक्टलाच परत जाऊ. 1952 मध्ये तिथल्या लुई डायसेन्स यांनी आपल्या प्रबंधात दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे 800 आणि 850 च्या पट्ट्यांनी शोषलेली ऊर्जा सर्वांत लांब लहरलांबीच्या पट्ट्याकडे जाते. दुसरी अशी की उजेड पडला की 870 च्या आसपासचे थोडेसे शोषण नाहीसे होते. हजारोंच्या गर्दीत काही मोजके रेणू खरी रासायनिक कामगिरी करतात, त्यांची ही पहिली चाहूल. बाकीचे सगळे जाळे धरणारे कोळी. पुढे 1957 मध्ये युट्रेक्टच्याच खुदहेर यांनी जिवंत पेशींमधल्या रंगद्रव्यांच्या दिशेवर प्रबंध लिहिला. रंगद्रव्ये पेशीत कशीही लोळत पडलेली नसून काही एका शिस्तीने बसलेली आहेत, हे त्या काळात ध्रुवित प्रकाशाने हळूहळू पटवून दिले.

बसलेली आहेत, पण कशी? इथून खरी गंमत सुरू होते, आणि खरी अडचणही. द्रावणात जिवाणूंच्या पटलांचे, म्हणजे रंगद्रव्ये धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्यांचे, तुकडे जत्रेतल्या माणसांसारखे वाटेल त्या दिशेला तोंड करून तरंगतात. एकेका रेणूची दिशा पक्की असली तरी सगळ्यांची बेरीज केली की काहीच उरत नाही. म्हणून आधी जत्रेला रांगेत उभे करायचे. त्याच्या युक्त्या मोठ्या घरगुती वाटतात. पटलांचे द्रावण काचेवर थेंबथेंब ओतून वाळवायचे, म्हणजे चपटे तुकडे भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक आडवे पडतात. सोव्हिएत रशियातल्या पुश्चिनोच्या संशोधकांनी 1979 मध्ये रेणू पॉलिअ‍ॅक्रिलअ‍ॅमाइडच्या जेलीत अडकवले आणि जेली एका बाजूने दाबली. ती दुसरीकडे फुगली आणि आतले कणही तिच्याबरोबर वळले. कोणी जिलेटिनचे पापुद्रे ताणले, कोणी अख्ख्या पेशी चुंबकाच्या ताब्यात दिल्या.

भाकऱ्यांच्या चवडीत एक फसगत आहे, आणि नव्याने हे काम शिकणारा प्रत्येक जण तिच्यात एकदा तरी सापडतो. मीही सापडलो होतो. फिल्म वाळली, यंत्र लावले, प्रकाश सरळ समोरून सोडला, आणि दोन ध्रुवणांच्या शोषणात काही म्हणजे काही फरक नाही. दिवसभर यंत्राला शिव्या घातल्या. चूक यंत्राची नव्हती. भाकरी वरून पाहिली तर तिला पूर्व-पश्चिम नसते, सगळ्या बाजू सारख्याच. काचपट्टी तिरकी धरली की एक ध्रुवण भाकरीच्या सपाटीत राहते आणि दुसरे थोडे तिच्या जाडीत शिरते. मग फरक दिसू लागतो.

आता या फरकाचा अर्थ. एखाद्या पट्ट्याचा झोका पटलाच्या सपाटीत आडवा असेल तर फरक एका चिन्हाचा येतो, उभा असेल तर उलट चिन्हाचा. पटलाच्या लंबरेषेशी 54.7 अंशांचा कोन झाला तर फरक शून्य. या कोनाला रसायनशास्त्रातले लोक जादुई कोन म्हणतात. जादू कसली, साधी त्रिकोणमिती आहे. 1970 च्या दशकात पॅरिसजवळच्या साक्ले इथल्या जाक ब्रेतों यांनी, तसेच आंद्रे व्हेर्मेग्लिओ आणि अमेरिकेतले रॉडरिक क्लेटन यांनी अशी मोजणी अभिक्रिया केंद्रांवर केली. अभिक्रिया केंद्र म्हणजे मघाचे मोजके, खरी कामगिरी करणारे रेणू धरून ठेवणारे प्रथिन. रीड आणि क्लेटन यांनी ते 1968 मध्ये वेगळे काढले होते. त्यात चार बॅक्टेरिओक्लोरोफिल आणि दोन बॅक्टेरिओफिओफायटिन असतात. फिओफायटिन म्हणजे मॅग्नेशियम हरवलेले क्लोरोफिल. मोजणीचे उत्तर असे आले: 870 चा पट्टा पटलाच्या सपाटीत आडवा, 800 चाही बहुतांशी आडवा, आणि फिओफायटिनचा 760 चा पट्टा मात्र उभ्याकडे झुकलेला. एकही रेणू कोणी पाहिला नव्हता, आणि कोण आडवा, कोण उभा याचा हिशेब वहीत लिहिलेला होता.

या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर सर वरून अर्धा गुण कापतील. छत्री उघडा. प्रत्येक काडीचा दांड्याशी कोन सारखाच. मोजणी आपल्याला तेवढा कोन सांगते. झोका कोणत्या काडीवर आहे ते सांगत नाही. शिवाय पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांवर किंवा त्याहूनही खाली नेल्यावर ते अरुंद होतात आणि सुटे दिसू लागतात. 530 ते 545 च्या दरम्यानचा फिओफायटिनचा पट्टा थंडीत दोन शिखरांत फुटतो. दोन फिओफायटिन आहेत आणि दोघांच्या बैठकीत फरक आहे, हे या फुटीने सांगितले. पुढे ही फूट फार उपयोगी पडली.

पण दिशेसाठी एवढा आटापिटा कशासाठी? रंगद्रव्ये एकमेकांना ऊर्जा देतात, हे डायसेन्स यांनी दाखवले होते. ती कशी दिली जाते, याचे गणित जर्मनीच्या थिओडोर फोर्स्टर यांनी 1940 च्या दशकात मांडले. एका झोक्याचे झुलणे दूरच्या दुसऱ्या झोक्याला चढते. अंतर दुप्पट झाले तर हा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो, हे सगळ्यांना पाठ असते. गणितातला दुसरा घटक दिशेचा आहे. त्याची किंमत 0 ते 4 यांच्यामध्ये कुठेही असू शकते. दोन्ही झोके एका रेषेत, एकामागे एक असतील तर 4. शेजारी शेजारी समांतर असतील तर 1. आणि काही मांडण्यांत शून्य, म्हणजे दोन रेणू मांडीला मांडी लावून बसले तरी देवाणघेवाण नाही. प्रत्येक रेणू वाटेल तसा वळत असेल तर सरासरी दोन-तृतीयांश येते, आणि पाठ्यपुस्तके हाच आकडा सवयीने वापरतात. जिवाणूच्या पटलात रेणू वळत नाहीत. तिथे सरासरी वापरणे म्हणजे गावातल्या एका ठरावीक विहिरीची खोली तालुक्याच्या सरासरीवरून सांगणे.

1984 हे वर्ष या कहाणीत दोनदा येते. त्या वर्षी लायडनमधल्या क्रामर आणि आमेस यांनी सहकाऱ्यांसह जांभळ्या जिवाणूंच्या प्रकाश गोळा करणाऱ्या एका प्रथिनाच्या दिशा प्रसिद्ध केल्या. या प्रथिनात 800 आणि 850 अशी दोन टोळकी असतात. त्यांनी सांगितले की 850 च्या चकत्या पटलाला काटकोनात उभ्या आहेत, ताटाळ्यात लावलेल्या ताटल्यांसारख्या, पण त्यांचा ताकदवान झोका सपाटीत आडवा आहे. 800 च्या चकत्या मात्र जवळपास पालथ्या घातलेल्या थाळ्यांसारख्या आडव्या. अकरा वर्षांनी, 1995 मध्ये, ग्लासगोच्या रिचर्ड कॉगडेल यांच्या गटाने या जातीच्या प्रथिनाची क्ष-किरण रचना प्रसिद्ध केली. नऊ जोड्यांचे वर्तुळ, त्यात 27 बॅक्टेरिओक्लोरोफिल. अठरा उभे, वर्तुळाला कडे घालून. नऊ आडवे, जरा लांब लांब. लायडनच्या मोजणीने "उभे" आणि "आडवे" बरोबर सांगितले होते. वर्तुळ तिला सांगता आले नव्हते, कारण छत्रीच्या काड्यांची अडचण तिथेही होतीच.

याच वर्तुळाची एक खूण मात्र प्रतिदीप्तीच्या, म्हणजे रेणूने शोषून परत दिलेल्या प्रकाशाच्या, ध्रुवणात होती. ध्रुवित प्रकाशाने रेणू उद्दीपित केला आणि त्याच रेणूने, न वळता, त्याच झोक्याने प्रकाश परत दिला तर ध्रुवणाचा आकडा 0.4 येतो. ऊर्जा एका सपाट कड्यातल्या अनेक रेणूंत फिरून बाहेर पडली तर तो 0.1 होतो. 850 च्या टोळीत तो 0.1 च्या आसपास सापडतो, आणि तिथवर तो सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात घसरतो. या आकड्याचा असा अर्थ लावायला धीर लागतो. एकट्या आकड्यावरून वर्तुळ दिसत नाही. वर्तुळ कळल्यावर आकडा बोलका होतो.

दुसरे 1984 म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडचे. हार्टमुट मिशेल यांनी पटलातल्या प्रथिनाचे स्फटिक करण्याचा अशक्य समजला गेलेला उद्योग तडीस नेला होता. ते काम 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. योहान डायझेनहोफर, रॉबर्ट ह्युबर आणि सहकाऱ्यांसह त्यातून रोडोस्यूडोमोनास व्हिरिडिस या जिवाणूच्या अभिक्रिया केंद्राची रचना पुढच्या दोन-तीन वर्षांत उलगडली. 1988 चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. ती रचना पाहून या क्षेत्रातल्या लोकांना घरचा फोटो पाहिल्यासारखे वाटले असणार. खालून वर जाणाऱ्या दोन फांद्या, तळाशी एकमेकांवर सरकलेल्या दोन चकत्यांची "खास जोडी", आणि दोन्ही फांद्या जवळजवळ सारख्या, एक अर्धा फेरा फिरवली की दुसरीवर बसेल अशा. 1985 मध्ये ब्रेतों यांनी अतिथंड तापमानातली आपली द्विवर्णता या रचनेशी ताडून पाहिली आणि पट्ट्यांचा मेळ बसला.

इथे बरेच जण म्हणतात की आता छायाचित्र मिळाले, ध्रुवित प्रकाशाचे काम संपले. मला हे मत अजिबात मान्य नाही. उजेड पडल्यावर खास जोडी सोडते तो इलेक्ट्रॉन या जवळजवळ सारख्या दोन फांद्यांपैकी कोणत्या फांदीने जातो? छायाचित्रात दोन्ही रस्ते सारखेच मोकळे दिसतात. म्युनिकच्या वोल्फगांग झिंट यांनी 1983 मध्येच, रचना उलगडण्याच्या आधी, एकेकट्या स्फटिकावर ध्रुवित प्रकाश टाकून स्फटिक जोरदार द्विवर्णी असल्याचे आणि आतली यंत्रणा चालू असल्याचे दाखवले होते. स्फटिकात सगळे रेणू रांगेत असतात, त्यामुळे छत्रीची अडचण बरीचशी मिटते. रचना हाती आल्यावर या मोजण्या तिच्याशी जुळवल्या. 545 च्या आसपासचे शिखर कोणत्या फिओफायटिनचे, हे दिशेवरून ठरले, आणि इलेक्ट्रॉन स्वीकारताना बदलते तेच शिखर. तो फिओफायटिन एल नावाच्या फांदीवरचा निघाला. दुसरी फांदी असून नसल्यासारखी. छायाचित्रात माणसे दिसतात. काम कोण करतो ते हजेरीपटात बघावे लागते.

दिशेने उलगडा होण्याची एक जुनी गोष्ट आपल्या देशातही आहे. 1928 मध्ये कोलकात्यात रामन आणि कृष्णन द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशात एक अंधूक, बदललेल्या रंगाचा अंश पाहत होते. ही साधी प्रतिदीप्ती म्हणून सोडून देता आली असती. पण हा प्रकाश ठळकपणे ध्रुवित होता, आणि म्हणून तो काहीतरी वेगळा आहे हे त्यांना पटले. सर ही गोष्ट दर 28 फेब्रुवारीला सांगत आणि ध्रुवणाच्या वाक्याशी आले की खडू टेबलावर आपटत.

पुन्हा जांभळ्या जिवाणूंकडे येऊ. लायडनच्याच संशोधकांनी 1999 मध्ये ध्रुवण एका टोकाला नेले. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम 1.2 अंश वर, एका वेळी एकच वर्तुळ, आणि समोर फिरणारा ध्रुवक. 850 च्या कड्यातून एकमेकांना काटकोनात ध्रुवित असे दोन रुंद पट्टे मिळाले. वर्तुळ किंचित दबलेले असावे असा अर्थ त्यांनी लावला. जत्रेतून अखेर एका माणसाला बाजूला घेऊन विचारता आले.

हे ऐकून शाळेतल्या मुलांनी घरी काही करायचे असेल तर महागडे यंत्र लागत नाही. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्म मोठ्यांच्या मदतीने सावकाश सोडवा, तोच ध्रुवक. तो डोळ्यासमोर फिरवत डबक्याच्या पाण्यावरची चकाकी, निळे आकाश आणि प्लॅस्टिकची पट्टी बघा. ही बाटली मी इथल्या वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या खिडकीत ठेवून जातो आहे. जांभळे डाग अजून वाढतील. कोणीही येऊन बघा, पण कृपा करून झाकण उघडू नका.